लढाईच्या आठवणी आणि तुटलेली झोप : माजी सैनिकांसाठी सीबीटी-आय उपचाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यातून, सांगली-कोल्हापुरातून, कोकणातून भरती झालेले आणि पेन्शनवर आल्यावर मुलांच्या नोकरीमुळे ठाणे-नवी मुंबईत स्थिरावलेले अनेक माजी सैनिक रात्री दोन-तीन तासांच्या वर सलग झोपत नाहीत. घरच्यांना त्याची इतकी सवय होते की ‘बाबा रात्री जागेच असतात’ हे कुणाला विशेष वाटेनासं होतं. पण हा आजार आहे आणि त्यावर नेमका उपचार आहे : सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठी विचार आणि सवयी बदलणारी थेरपी. त्या उपचारात गोळीपेक्षा वही, घड्याळ आणि शिस्त जास्त लागते. हे पान त्या सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

निवृत्तीला पंधरा वर्षं झाली. काश्मीर कधीच मागे पडलं. मग झोप अजून का लागत नाही?

झोप मोडते एका कारणानं आणि मोडलेली राहते दुसऱ्याच कारणानं, म्हणून.

पहिलं कारण नोकरीतलं. पोस्टवर हलक्या झोपेनं जीव वाचतो. पहाटे आणि संध्याकाळी ‘स्टँड टू’ (हल्ल्यासाठी सज्ज उभं राहणं), रात्री दोन-दोन तासांची संत्री ड्युटी, वायरलेसच्या खरखरीला उघडणारे डोळे हे सगळं शरीर शिकतं आणि तिथं ते शिकणं योग्यच असतं. त्यात एखादा स्फोट झाला, ॲम्बुश झाला, शेजारचा साथीदार गेला, की मेंदूतली धोका ओळखणारी यंत्रणा घरी आल्यावरही ड्युटी सोडत नाही.

दुसरं कारण घरात तयार होतं. रात्री झोप झाली नाही म्हणून माणूस नऊलाच आडवा होतो, सकाळी आठपर्यंत लोळतो, दुपारी दीड तास वामकुक्षी घेतो. शांतता नको वाटते म्हणून टीव्ही चालू ठेवून झोपतो. प्रत्येक गोष्ट त्या रात्रीपुरती बरी वाटते. वर्षभर असंच चाललं की गादी म्हणजे जागं राहण्याची जागा, असं मेंदू शिकून बसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८०च्या दशकात हीच मांडणी केली होती : मूळचा स्वभाव, सुरुवात करून देणारी घटना आणि आजार टिकवणाऱ्या सवयी. घडलेली घटना बदलता येत नाही, सवयी मात्र पंधरा वर्षांनंतरही बदलता येतात. सीबीटी-आयचा सगळा भर तिथं आहे.

झोप न येणाऱ्या प्रत्येक फौजीला पीटीएसडी असतो का?

नाही. पीटीएसडी म्हणजे जीवघेण्या प्रसंगानंतर महिन्याहून अधिक काळ टिकलेली लक्षणं : नको असताना प्रसंग डोळ्यांपुढे येणं, त्याची आठवण करून देणारी माणसं आणि जागा टाळणं, मन बधिर किंवा अपराधी होणं, सतत सावध राहणं, दचकणं. निदान मनोविकारतज्ज्ञ करतात. पीटीएसडी नसतानाही निद्रानाश असू शकतो आणि त्यावरही हाच उपचार चालतो. सियाचीनसारख्या उंचीवर झोप तुटते ती विरळ हवेत श्वासाची लय बिघडल्यानं. खाली उतरल्यावर ते थांबायला हवं. उतरून वर्षं झाली तरी झोप तुटत असेल, तर कारण उंची नाही.

‘निद्रानाश’ कधी म्हणायचं?

झोप लागायला किंवा टिकायला त्रास, आठवड्यात किमान तीन रात्री, किमान तीन महिने, दिवसा त्याचा परिणाम जाणवतो आणि झोपायला पुरेसा वेळ असूनही हे होतं, तर तो दीर्घकालीन निद्रानाश. तीव्रता मोजायला सात प्रश्नांची ‘आयएसआय’ ही चाचणी वापरतात. गुण ० ते २८ : ७ पर्यंत ठीक, ८ ते १४ सौम्य, १५ ते २१ मध्यम, २२ ते २८ तीव्र. उपचाराच्या सुरुवातीला आणि शेवटी हा आकडा लिहून ठेवायचा. ‘जरा बरं वाटतंय’ यापेक्षा तो खरं सांगतो.

सीबीटी-आय म्हणजे नक्की काय? नुसतं बोलणं का?

बोलणं त्यात आहे, पण मुख्य काम रोजच्या रात्रीत करायचं असतं. साधारण सहा ते आठ भेटी, आठवड्याला एक, प्रत्येक पाऊण ते एक तासाची. त्यात झोपेची डायरी, गादीवर घालवायच्या वेळेची मर्यादा, गादीचे नियम, झोपेबद्दलच्या घाबरवणाऱ्या विचारांची तपासणी आणि शरीर सैल सोडण्याचा सराव असतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळीऐवजी हाच सुचवला.

‘रात्री कॉफी नको, खोली थंड ठेवा, मोबाइल बाजूला ठेवा’ हा सल्ला म्हणजे सीबीटी-आय नव्हे. तो चुकीचा नाही, पण जुन्या निद्रानाशाला एकटा पुरत नाही. बरेच जण तेवढंच करून पाहतात आणि ‘सगळं करून झालं, उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

आधी पीटीएसडीवर उपचार करायचा की झोपेवर?

पूर्वी समज असा होता की निद्रानाश हे पीटीएसडीचं एक लक्षण, मूळ आजार बरा झाला की झोप आपोआप येईल. तसं नेहमी होत नाही. भीती आणि आठवणींचा त्रास उतरल्यावरही अनेकांची झोप तुटलेलीच राहते, कारण सवयी तशाच असतात. उलट झोप सुधारली की दिवसा चिडचिड कमी होते आणि आठवणींवर काम करायला बळ येतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पीटीएसडी असलेल्या ४५ प्रौढांपैकी काहींना आठ आठवडे सीबीटी-आय दिली, बाकीच्यांना प्रतीक्षा यादीवर ठेवलं. उपचार घेतलेल्यांपैकी ४१ टक्क्यांचा निद्रानाश पूर्ण गेला, प्रतीक्षा यादीत एकाचाही नाही. म्हणजे थांबायची गरज नाही. झोपेचा उपचार आधी किंवा पीटीएसडीच्या उपचारासोबत घेता येतो. मात्र त्याच्या बदल्यात नाही : प्रसंगावर काम करणारे प्रोलाँग्ड एक्सपोजर, सीपीटी, ईएमडीआर हे मानसोपचार वेगळे आणि तेही लागतात.

सुरुवात कशानं करायची?

दोनशे पानी वहीनं. दोन आठवडे, रोज सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात अंदाजानं लिहायचं : गादीवर किती वाजता पडलो, झोपायचा प्रयत्न कधी सुरू केला, लागायला साधारण किती वेळ गेला, किती वेळा जाग आली, मिळून किती मिनिटं जागा होतो, शेवटची जाग कधी, गादी कधी सोडली. शेजारी दुपारची झोप, चहाचे कप आणि शेवटचा कप किती वाजता, दारू, तंबाखू-मिश्री, गोळी, वाईट स्वप्न.

रात्री घड्याळ पाहून नोंद करू नका. घड्याळ भिंतीकडे फिरवा, मोबाइल स्वयंपाकघरात ठेवा. ‘तीन वाजले, आता दोनच तास उरले’ हा हिशेब सुरू झाला की झोप गेलीच. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचं ‘इन्सोम्निया कोच’ हे मोफत ॲप आहे, पण इंग्रजीत. वही तितकीच चालते.

झोप येत नाही, आणि डॉक्टर म्हणतात गादीवर कमी वेळ घालवा. हे उलटं नाही का?

सगळ्यात जास्त विरोध याच पायरीला होतो आणि सगळ्यात जास्त फरकही हीच पायरी पाडते, म्हणून हिशेबासह सांगतो.

जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन साठत जातं आणि झोपेचा दाब वाढतो, भूक वाढते तसा. दिवसभर चरत राहिलं तर जेवणाला भूक लागत नाही. तसंच दहा तास गादीवर लोळून पाच तासांची तुकड्या-तुकड्यांची झोप मिळते. म्हणून आधी वेळ आखडायची, झोप सलग करायची, मग वेळ वाढवायची.

समजा डायरीप्रमाणे तुम्ही रात्री १० ते सकाळी ६ गादीवर असता. म्हणजे ४८० मिनिटं. खरी झोप सरासरी सव्वापाच तास, म्हणजे ३१५ मिनिटं. ३१५ भागिले ४८०, गुणिले १०० : झोपेचा टक्का साधारण ६६. चांगल्या झोपेत तो ८५ च्या वर असतो.

आता ३१५ मध्ये ३० मिनिटं मिळवा : ३४५, म्हणजे पावणेसहा तास. उठायची वेळ पक्की करा, समजा ५.३०. फौजीला ही वेळ सांगावी लागत नाही. तिथून मागे मोजलं की गादीवर जायची वेळ येते ११.४५. त्याआधी गादीवर पाठ टेकायची नाही आणि ५.३० ला, रात्र कशीही गेली असली तरी, उठायचं. रविवारीही.

आठवड्यानंतर पुन्हा हिशेब. सरासरी झोप ३०५ मिनिटं आली तर टक्का ८८. मिनिटं किंचित कमी झाली, पण झोप सलग झाली. हेच हवं होतं. टक्का ८५ किंवा वर असेल तर १५ मिनिटं वाढवा, म्हणजे आता ११.३०. ८० ते ८४ असेल तर तीच वेळ ठेवा. ८० च्या खाली असेल तर १५ मिनिटं कमी करा, पण एकूण पाच तासांच्या खाली कधीच जायचं नाही.

पहिले दहा-बारा दिवस जड जातात. सोफ्यावर साडेनऊलाच डुलकी लागते, चिडचिड वाढते. त्या वेळी उभं राहून करायचं काम हाताशी ठेवा : कपड्यांना इस्त्री, भांडी पुसणं, जेवणानंतर सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या. नऊची एक डुलकी सगळा साठलेला दाब खाऊन टाकते. उपचार फसण्याचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे.

सकाळी उठल्यावर अर्धा तास बाहेरचा उजेड घ्या. तलावपाळी, उपवन, खारघरचं सेंट्रल पार्क, काहीच जवळ नसेल तर गच्ची. शरीराचं घड्याळ त्या उजेडानं लागतं. पावसाळ्यात ढग असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

ही वेळमर्यादा कुणी स्वतःहून पाळू नये?

बायपोलर आजार, फिट येण्याचा इतिहास (डोक्याला मार लागलेल्यांनी विशेष विचारून घ्यावं), झोपेत चालणं, उपचार न केलेला स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं) किंवा आत्महत्येचे विचार असतील, तर झोपेची वेळ कमी करणं धोक्याचं ठरू शकतं. यांना पर्याय आहे. वेळ हळूहळू आखडत नेतात, पण तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. बस, ट्रक, कॅब चालवणाऱ्यांनी आणि बँकेत किंवा कॅश व्हॅनवर बंदूक घेऊन उभं राहणाऱ्यांनी पहिल्या दोन-तीन आठवड्यांबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावं. घोडबंदर रोडला किंवा पाम बीचवर पहाटे गाडी चालवताना लागलेली एक डुलकी पुरते.

झोप आली नाही तर गादी सोडून उठा म्हणतात. वन-आरकेत जायचं कुठं?

नियम १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी मांडला. झोप आल्यावरच गादीवर जायचं, अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत लागली नाही किंवा मन तापायला लागलं तर उठायचं, पुन्हा डोळे जड झाले की परतायचं, लागलं तर रात्रीत पाच वेळा. गादी फक्त झोपेसाठी आणि शरीरसंबंधासाठी.

घणसोलीच्या किंवा वागळे इस्टेटच्या वन-आरकेत ‘दुसऱ्या खोलीत जा’ हा सल्ला निरुपयोगी आहे. इथं खोली बदलत नाही, जागा बदलायची. स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ एक प्लास्टिकची खुर्ची आणि एक मंद पिवळा दिवा आधीच ठरवून ठेवा. रात्री अडीचला खुर्ची शोधावी लागली तर माणूस उठत नाही. गादी जमिनीवर घालत असाल तर तुमचं काम सोपं आहे : ठरलेल्या वेळीच गादी पसरायची आणि सकाळी गुंडाळून ठेवायची. पलंग दिवसभर बोलावत राहतो, गुंडाळलेली गादी बोलावत नाही.

खुर्चीवर बसून काय करायचं? हाताला काम आणि डोक्याला विश्रांती देणारं काहीही : शेंगा सोलणं, लसूण निवडणं, शब्दकोडं, हळू आवाजातला रेडिओ. बातम्या नको, युनिटचा व्हॉट्सॲप ग्रुप नको. चहा आणि तंबाखू तर नकोच. निकोटीन जागं ठेवतं, चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनंतरही निम्मं शरीरात असतं. दुपारी दोननंतरचा चहा बंद करून दोन आठवडे पाहा.

दार-खिडक्या तपासल्याशिवाय पाठ टेकवत नाही. रात्रीत चार-पाच फेऱ्या होतात. ही वाईट सवय आहे का?

ही पहाऱ्याची सवय आहे. तिला नावं ठेवून ती जात नाही. पण नेहमीच्या निद्रानाशापेक्षा फौजीचा निद्रानाश वेगळा पडतो तो इथंच आणि ही बाजू सोडून दिलेला उपचार अर्धा राहतो.

प्रत्येक फेरीनंतर दोन मिनिटं बरं वाटतं. मेंदू त्यातून धडा घेतो : तपासलं म्हणून वाचलो. न तपासताही रात्र सुखरूप गेली असती, हे शिकायची संधी त्याला मिळतच नाही. म्हणून फेऱ्या पायरीपायरीनं कमी करायच्या.

पहिला आठवडा फक्त मोजणी : किती फेऱ्या, कशामुळे. लिफ्टचा आवाज, शेजारच्याचा दरवाजा, कुत्री भुंकणं. दुसऱ्या आठवड्यात गादीवर जायच्या तासभर आधी एकच पक्की फेरी, कागदावर लिहिलेल्या यादीप्रमाणे : मुख्य दार, सेफ्टी डोअर, गॅसचा नॉब, गॅलरीचं ग्रिल. प्रत्येकापुढे खूण करायची. नंतर शंका आली तर दार नाही, कागद पाहायचा. तिसऱ्या आठवड्यापासून उरलेल्या फेऱ्यांतली एकेक सोडायची आणि सोडल्यावर किती भीती वाटली ते ० ते १० मध्ये लिहायचं. पहिल्या रात्री ८ असेल. ती खाली येते, पण वही नसेल तर ते ध्यानात येत नाही.

गादीवरून दार दिसलं पाहिजे असं वाटत असेल तर सुरुवातीला गादीची दिशा तशीच ठेवा. लाईट लावून झोपत असाल तर एकदम अंधार करू नका. ट्यूबलाईट, मग झिरो बल्ब, मग पॅसेजमधला दिवा, प्रत्येक पायरीला आठवडा. इअरप्लग बहुतेकांना सहन होत नाहीत, कान बंद झाले की धोका वाढल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा पंख्याची एकसारखी घरघर चालते.

उशाखालचा कोयता, काठी किंवा परवान्याची बंदूक हा मात्र पहिल्याच भेटीत बोलायचा विषय आहे. स्वप्नातून अर्धवट जागा झालेला माणूस शेजारी कोण आहे ते ओळखत नाही. बंदूक कुलुपात, काडतुसं वेगळ्या कुलुपात, किल्ली दुसऱ्याकडे.

डोळे मिटून श्वासावर लक्ष द्यायला सांगितलं तर घाबरायला होतं.

असं होतं, आणि ते सांगितलंच पाहिजे. डोळे उघडे ठेवून, खुर्चीत, पाठ भिंतीला लावून करा. सुरुवात पायांपासून : पंजे पाच सेकंद आवळा, पंधरा सेकंद सैल सोडा, मग पोटऱ्या, मांड्या, मुठी, खांदे. दिवसा दोनदा, दहा मिनिटं. रात्रीचं औषध म्हणून नाही, दिवसाची कवायत म्हणून. जुना प्रसंग समोर यायला लागला तर थांबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या.

तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं. त्याचं काय?

सीबीटी-आयनं रात्रीचे त्रास काही प्रमाणात कमी होतात, पण ठरलेल्या स्वप्नासाठी इमेजरी रिहर्सल नावाची वेगळी पद्धत जोडतात. दिवसाउजेडी, शांत जागी एक स्वप्न निवडायचं. पहिल्यांदा सगळ्यात भयंकर नको, आणि प्रत्यक्ष घटना जशीच्या तशी दाखवणारंही नको. ते थोडक्यात लिहायचं. मग हवं तिथून, हवं तसं बदलायचं : दरी उथळ होते, गाडी आधीच थांबते, कुणीतरी मदतीला येतं. बदल खरा वाटायलाच हवा असं नाही. नवं स्वप्न लिहून रोज दहा ते वीस मिनिटं मनात पाहायचं, जुनं पुन्हा उगाळायचं नाही. एका आठवड्यात दोनाहून अधिक स्वप्नं हाताळू नयेत. लिहितानाच थरथर सुटली तर हे एकट्यानं करायचं काम नाही.

प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीबद्दल बरेच जण विचारतात. २०१८ मध्ये ३०४ अमेरिकन माजी सैनिकांवरच्या चाचणीत ती दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाही, तरी काहींना ती उपयोगी पडते म्हणून डॉक्टर देतात. पहिल्या डोसनंतर उठताना चक्कर येऊ शकते.

कॅन्टीनची रम दोन पेग घेतली की लगेच झोप लागते. मग हरकत काय?

लागते लवकर, मोडतेही लवकर. दारू रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप दाबते. तिचा असर उतरला की दोन-तीनच्या सुमारास तीच झोप दुप्पट जोरानं येते, घाम आणि स्वप्नं घेऊन. घोरणंही वाढतं. शिवाय तेवढाच परिणाम मिळायला दोनाचे तीन होतात.

पण रोज आणि जास्त पिणाऱ्यानं आज रात्री एकदम बंद करू नये. हात थरथरणं, घाम, फिट आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो. त्यात जीव जातो. आधी डॉक्टर, मग बंद.

क्लोनाझेपाम किंवा झोलपिडेम वर्षानुवर्षं चालू आहे. सोडून द्यायची का?

स्वतःहून नाही. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या गटातल्या गोळ्या पीटीएसडीत दीर्घकाळ देऊ नयेत असंच मार्गदर्शन आहे, पण अचानक थांबवल्या तर झोप पहिल्यापेक्षा वाईट उडते आणि माणूस म्हणतो ‘बघा, गोळीशिवाय होत नाही’. डॉक्टर डोस साधारण दर दोन आठवड्यांनी दहा ते पंचवीस टक्क्यांनी उतरवतात. सीबीटी-आय गोळी चालू असताना सुरू करता येते आणि तिच्यामुळे गोळी उतरवणं सोपं जातं.

घरचे म्हणतात, मी फार घोरतो.

मग आधी स्लीप ॲप्नियाची तपासणी. घोरता घोरता श्वास थांबणं, गुदमरून जाग, सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, जाड मान, आटोक्यात न येणारा रक्तदाब. पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांत हे पुष्कळदा सापडतं आणि स्वप्नांवर ढकललं जातं. एका रात्रीच्या स्लीप स्टडीत कळतं. सीपॅपचा (झोपेत दाबानं हवा देणाऱ्या यंत्राचा) मास्क तोंडावर बांधला की कोंडल्यासारखं वाटत असेल तर दिवसा टीव्ही बघताना वीस-वीस मिनिटं लावून सवय करा.

पेन्शननंतर महापेच्या कंपनीत बारा तासांची नाईट करतो. मला हे जमेल का?

जमतं, पण अवघड जातं. आठ आठवडे तरी एकच शिफ्ट मागून घ्या. दर आठवड्याला बदलणाऱ्या शिफ्टमध्ये हा हिशेब बसत नाही. सकाळी घरी पोहोचल्यावर झोपेची वेळ ठरलेली हवी, खिडकीला जाड गडद पडदा, दाराची बेल बंद. सुट्टीच्या दिवशीही नेहमीच्या झोपेतले किमान चार तास त्याच वेळी घ्या. पाणी येण्याची वेळ आणि मुलांचे क्लास यांत ही झोप पहिली कापली जाते, म्हणून वेळ घरात सगळ्यांसमोर ठरवा.

माझे पती झोपेत ओरडतात, हात मारतात. मी कसं उठवू?

हलवू नका, अंगावर वाकू नका. पायाच्या बाजूला, हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहून लाईट लावा आणि नेहमीच्या आवाजात बोला : ‘अहो, नेरूळला आहोत आपण, घरी. मी आहे.’ जाग आल्यावर काय पाहिलं ते विचारू नका, पाणी द्या. काही महिने वेगळं झोपावं लागलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. नातवंडांना आजोबांशेजारी झोपवणं मात्र तूर्त थांबवा.

ते मारणं स्वप्नातल्या हालचालींबरोबर होत असेल आणि वय साठीच्या पुढे असेल तर न्यूरॉलॉजिस्टनाही दाखवा. स्वप्नातली कृती प्रत्यक्ष करायला लावणारा एक वेगळा आजार असतो.

ठाणे-नवी मुंबईत जायचं कुठं?

ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर आपल्या पॉलिक्लिनिकमधल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना ‘झोप’ हा शब्द स्पष्ट वापरून सांगा आणि मानसोपचाराचं रेफरल मागा. ही योजना एप्रिल २००३ पासून आहे आणि मानसिक आजार तिच्यात येतात. कार्डाची अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. १९०१ पासून चालू असलेल्या ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथं जाणं म्हणजे भरती होणं नव्हे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेलात तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, आणि पुढे हे तीन प्रश्न : झोपेची डायरी लिहून घेता का? गादीवरचा वेळ हिशेबानं ठरवता का? पीटीएसडीचे रुग्ण पाहिले आहेत का? पहिल्या दोनांची उत्तरं ‘नाही’ असतील तर तो सीबीटी-आय नाही.

‘लोकांना कळेल’, ‘पेन्शनवर परिणाम होईल’ ही भीती बहुतेकांना वाटते. उपचार घेतल्यानं पेन्शन थांबत नाही, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे.

रात्री तीन वाजता जगणं नको वाटलं तर?

तेव्हा डायरी आणि टक्के बाजूला ठेवा. १४४१६ वर फोन करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत (सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात) सशस्त्र दलांसाठी तिचा खास कक्षही सुरू झाला. जीवाला लगेच धोका असेल तर ११२. घरातल्या कुणाला तरी उठवा, आणि बंदूक असेल तर ती त्याच क्षणी घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात गेली पाहिजे.

किती दिवसांत फरक पडतो?

नियम पाळले तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झोप सलग होऊ लागते, तासांची वाढ त्यानंतर येते. आठ तासांचा हट्ट सोडा. साठीनंतर सहा-साडेसहा तासांची सलग झोप घेऊन दिवस नीट जात असेल तर ती पुरेशी आहे.

झोप सुधारली होती, पण दहीहंडीच्या डीजेनं, दिवाळीच्या सुतळी बॉम्बनं सगळं परत आलं. उपचार वाया गेला का?

नाही. एक-दोन वाईट रात्रींनी शिकलेलं जात नाही. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून लवकर झोपणं, उशिरा उठणं आणि दुपारी पसरणं सुरू केलं, तर मात्र जुना निद्रानाश पुन्हा घर करतो. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांसारखे दिवस आले की रात्रभर वृत्तवाहिन्या लावून बसण्याचा मोह होतो. बातम्या संध्याकाळी सातला एकदा, अर्धा तास, एवढंच ठेवा. दोन आठवडे सलग, आठवड्याला तीन रात्री बिघडल्या, तर वही पुन्हा काढा आणि गादीवरची वेळ आठवडाभर अर्ध्या तासानं आखडा.

अवघड दिवस आधी माहीत असतात. वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवरच्या कॅलेंडरवर दहीहंडी, विसर्जन, लक्ष्मीपूजन आणि तुमच्या प्रसंगाची ती तारीख, चारही ठिकाणी पेन्सिलीनं गोल करा आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या दिवशीच्या चौकटीत तुमची उठायची वेळ लिहून ठेवा : ५.३०.